पेरभर दोरा

आमच्या कॉलेजात पक्षी बोलावण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते मी एका मीटिंगमध्ये नको तिथे तोंड उघडलं म्हणून. जुनी इमारत पाडून नवी काचेची बांधली होती, आणि आता काय कमी आहे सांगा, असं प्राचार्य कौतुकाने विचारत होते. मी म्हटलं, चिमण्या. जुन्या इमारतीत नोटिसबोर्डाच्या मागे, पंख्याच्या वाटीत, जिन्याखालच्या भोकात चिमण्या असायच्या. नव्या इमारतीत नुसते पारवे उरले होते, आणि ते एसीच्या डब्यांवर घाण करायचे. सगळे हसले. पुढच्याच आठवड्यात पक्षी समिती निघाली आणि तिच्यावर मी एकटी. हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या बाईला पक्ष्यांतलं काय कळतं, हे कुणी विचारलं नाही.

माझा स्वभाव मुळात भित्रा. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते. कुठलंही काम अंगावर आलं की ते कसं पार पडेल याच्या आधी कसं बिघडेल हे मला दिसतं. पण पक्ष्यांना घर द्यायचं, पाणी ठेवायचं, यात बिघडण्यासारखं काय असणार? आयुष्यात एकच काम मी न भिता हाती घेतलं, ते हे.

आमचं कॉलेज सुरतेत डिंडोलीच्या कडेला आहे. एका बाजूला आमच्या सोसायट्या, दुसऱ्या बाजूला भेस्तानकडे जाणारा रस्ता, त्याच्या पलीकडे शेड, गोदामं आणि धूर. कंपाउंडच्या कडेने आम्ही करंज आणि शेवगा लावला, मातीच्या परळांत पाणी ठेवलं, कॉरिडॉरच्या बाहेरच्या भिंतीवर, छज्ज्याच्या सावलीत, लाकडी खोपे खिळ्यांना टांगले. वॉचमनकाका रोज परळ घासून भरायचे. हे काका नवसारीकडचे, बोलायला कमी आणि कामाला चोख. मुलं बाजरी आणून टाकायची. पारवे ती खाऊन आणखी जाड झाले. खोप्यांत कुणी आलं नाही. येता-जाता प्राचार्य मला थांबवून विचारायचे, "मेडम, मकान तैयार छे, भाडुआत क्यां?" घर आहे, भाडेकरू कुठे?

घरी मी हे आईला सांगायची. घरात आम्ही दोघीच. आईने सगळी उमर धागा कटिंग केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनवर भरतकाम झालेली साडी उलटी केली की एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत सुटे दोरे लोंबत असतात. ते एक एक करून कापायचे. मोपेडवरून माल येतो, दाराशी गठ्ठा पडतो, आणि आमच्या सोसायटीतल्या बायका जिन्याच्या पायऱ्यांवर, ओट्यावर, जिथे उजेड असेल तिथे साडी मांडीवर घेऊन बसतात. हातात स्प्रिंगचा छोटा कटर. संध्याकाळी प्रत्येकीसमोर रंगीत दोऱ्याचा ढीग. लाल, पोपटी, जरीचा. तो कचरा पिशवीत भरून गल्लीच्या तोंडाशी टाकायचा, की वारा अर्धा घेऊन जातो.

माझं भाषण ऐकून आई म्हणाली, "रिकामा घरमा कोण येस? आतमा काही नरम टाका ना. मन्हा दोरा लई जा."

मला ते इतकं पटलं, की इतके दिवस आपल्याला हे सुचलं कसं नाही, याचंच नवल वाटलं. आईने लहानपणी खानदेशात पाहिलेलं होतं: वेचणीच्या दिवसांत चिमण्या शेतातला कापूस चोचीत धरून वळचणीला न्यायच्या, आणि घरटं खाली पडलं तर आजी त्यातलाच कापूस दिव्याच्या वातीला घ्यायची. आईच्या लेखी दोरा म्हणजे कापूसच. सुरतेत येऊन तीस-पस्तीस वर्षं ती पॉलिस्टर कापत होती, पण तिच्या तोंडी तो 'दोरा'च होता. तिने ढिगातला मऊ मऊ दोरा वेगळा काढला, हाताने पिंजून त्याचे गोळे केले, एकेका रंगाचे. मी ते डब्यात घालून कॉलेजात नेले आणि काकांनी शिडीवर चढून प्रत्येक खोप्यात एकेक गोळा ठेवला. उरलेले गोळे करंजाच्या फांद्यांना अडकवले.

होळीच्या सुमारास चिमण्या आल्या. आधी एक चिमणा येऊन भोकात डोकावून गेला, मग चिमणी. मग रोजच गडबड. फांदीवरचा दोरा ओढताना चिमणी मागे मागे सरायची, दोरा सुटला की तोल जायचा, आणि मुलं कॉरिडॉरमधून टाळ्या वाजवायची. प्राचार्यांनी स्वतः फोटो काढले. मी घरात पाऊल टाकलं की आई विचारायची, "आज कोणी ऊनं का?" कुणी आलं का, एवढंच. मी मोबाइलवरचा फोटो मोठा करून दाखवायची. खोप्याच्या भोकातून लाल दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं दिसायचं. आई मोबाइल डोळ्याशी नेऊन बघायची आणि हसायची. "मन्हा दोरास्नं घर," असं ती जिन्यावरच्या बायकांना सांगायची. जो कचरा आयुष्यभर तिने फक्त झाडला, त्याचं कुणीतरी घर केलं होतं. ती इतकी खूश मी क्वचितच पाहिली होती.

एप्रिलमध्ये परीक्षा चालू होत्या. दुपारचा पेपर सुटला, मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ऑफिसात देऊन बाहेर आले, तर काका जिन्याशी उभे.  "मेडम, जरा आवो तो. ऊपर कुछ लटकता है."

कोपऱ्यातल्या खोप्याच्या भोकातून चिमणीचं पिल्लू खाली लोंबत होतं. पिसं भरलेली, उडायच्या बेताला आलेलं. एका पायाला लाल दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक आत. वाऱ्याने ते हळूहळू फिरत होतं. ते बाहेर उडायला निघालं असणार आणि दोऱ्याने त्याला तिथेच धरून ठेवलं असणार. मेलेलं होतं. आणि त्याची आई चोचीत अळी घेऊन आली, खोप्याच्या कडेला पंजे रोवून वाकली, आणि त्या लोंबणाऱ्या चोचीत अळी घालायला बघू लागली. अळी पडली. ती गेली, आणि थोड्या वेळाने दुसरी घेऊन आली.

 पिल्लू मेलं याचं वाईट नंतर वाटलं. आधी वाटली ती नुसती भीती, कारण बाकीच्या खोप्यांतून चिवचिव ऐकू येत होती. आदल्या दिवसापर्यंत त्याच आवाजासाठी मी मुद्दाम त्या कॉरिडॉरने जायची. आता तो आवाज ऐकून मला घाम फुटला. प्रत्येक खोप्यात तोच दोरा होता. पॉलिस्टर कुजत नाही, तुटत नाही. आम्ही घरी तो दाताने तोडायला गेलो तर दात दुखतो. पिल्लू वाढतं, पाय जाड होतो, आणि वेढा तेवढाच राहतो. हे सगळं मला त्या एका क्षणात कळलं, आणि इतके दिवस हे मला का दिसलं नाही ते अजूनही कळलेलं नाही.

पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेचा फोन मिळवला. पलीकडचा माणूस बिचारा कुठेतरी दुसऱ्या कामात होता. म्हणाला, उद्या सकाळी येतो, पण पायाला दोरा आवळला असेल तर उद्यापर्यंत थांबू नका. खोपा उघडा, बारीक धारेचं काहीतरी घ्या, दोरा कापा, ओढू मात्र नका, ओढला तर पाय जाईल. आणि पिल्लांना फार वेळ बाहेर ठेवू नका.

बारीक धारेचं काहीतरी. ऑफिसातली कात्री माझ्या तळव्याएवढी. प्रयोगशाळेला कुलूप. बारीक धारेची वस्तू कुठे आहे हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या ओट्यावर, आईच्या हातात.

स्कूटरवरून घरी जाताना मी आईला काय सांगायचं ते ठरवत होते. काहीतरी कागद कापायचे आहेत म्हणावं. पण दारात पोचले, तर आई पायरीवर साडी पसरून बसलेली, मान वर करून म्हणाली, "काय व्हयनं? तोंड का बरं उतरी गयं तुन्हं?" मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं, चिमणीच्या पिल्लाच्या पायात दोरा अडकलाय. मेलं त्यातलं एक. बाकीची आहेत.

तिने मांडीवरची साडी घडी घालून बाजूला ठेवली, आत गेली, अंगावरची साडी बदलून आली. आमच्या घरात चांगल्या म्हणाव्यात अशा ज्या साड्या आहेत, त्या सगळ्यांना कुठेतरी रफू आहे. कटर चुकून कापडात गेला, भोक पडलं, की ती साडी माल देणारा परत घेत नाही. ती आपल्या गळ्यात. आईची आणि तिच्या मैत्रिणींची सणाची साडी अशीच यायची. लहानपणी शाळेतून आल्यावर मीही कटर धरायची, आणि दर वेळी पातं दोऱ्याखाली सरकवताना माझा श्वास अडकायचा. खाली कापड आहे, कापड आहे, हे मनात चालू. मी शिकले, नोकरीला लागले, यामागे आईचे कष्ट आहेतच. पण खरं सांगू का, त्या कटरच्या भीतीपासून सुटायचं होतं, हेही होतं. आईने कटर माझ्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "मी बी येस."

मी इतकी वर्षं त्या कॉलेजात शिकवते, पण आई कधी आत आली नव्हती. बोलावलं तर म्हणायची, माझं काय काम तिथे. त्या दुपारी ती आली आणि इमारतीच्या पहिल्या पायरीशी तिने चपला काढल्या. मी म्हटलं, अगं असू दे, पण ती अनवाणीच तापलेल्या फरशीवरून माझ्यामागे चालत आली.

काकांनी मेलेलं पिल्लू उतरवून बदामाच्या पानावर ठेवलं होतं. पायाला दोरा तसाच. आई वाकली, दोरा बोटावर घेऊन चोळून पाहिला. "हाऊ मन्हा दोरा शे," एवढंच म्हणाली. होळीआधी लग्नसराईच्या लाल साड्यांचा गठ्ठा आला होता, त्यातला. मी घाईने म्हटलं, सगळ्यांचाच दोरा लाल असतो, रस्त्यावरून पण उचलून आणतात त्या. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य मी गिळलं.

पहिला खोपा काकांनी खाली आणला. झाकण उचललं आणि आत बघायची माझी हिंमत होईना. आईनेच हात घातला. तिथली पिल्लं लहान होती, पाय मोकळे. तिने दोऱ्याचा गोळा अलगद काढून घेतला, काकांनी सुकं गवत आणि काथ्या दिला, पिल्लं परत ठेवली. माझा जीव थोडा भांड्यात पडला. दुसऱ्या खोप्यातही तसंच. मला वाटू लागलं, निभावलं.

तिसऱ्यात नव्हतं निभावलं. एक पिल्लू कडेला पडलेलं, दोन्ही पाय एकत्र बांधल्यासारखे. दुसऱ्याच्या एका पायाला इतके वेढे, की दोरा मांसात रुतलेला आणि त्याच्या खालचा पंजा काळा पडलेला. तोंड उघडून ती ओरडत होती, आणि वर छज्ज्यावर चिमणी या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत ओरडत होती.

आईने कटर घेतला. पिल्लू डाव्या हातात धरलं, पातं दोऱ्याजवळ नेलं आणि थांबली. तिचा हात थरथरत होता. घरी साडीवर तो हात इतका सवयीने चालतो, की माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तिने पुन्हा नेलं, पुन्हा थांबली. मग कटर माझ्याकडे केला.

"मन्हा हात हालस. तू काप. मी धरस."

मी नाही म्हटलं. मला नाही जमणार, उद्या तो माणूस येतोय, त्यालाच करू दे, असं काहीतरी बडबडले. आई शांतपणे म्हणाली, "उद्यालोंग पाय राहस का?"

मी खाली फरशीवर बसले. इतक्या वर्षांनी कटर बोटात घेतला आणि अंगठा आपोआप त्याच्या जागी बसला. पिल्लाचा पाय काडीपेक्षा बारीक, आणि पातं सरकवायला दोऱ्याखाली जागाच नाही. खाली कापड आहे, कापड आहे. इथे कापड नव्हतं. इथे चुकलं तर रफू नव्हतं. माझ्या हातात काही धडधडत होतं ते माझं की पिल्लाचं काळीज, हे मला कळत नव्हतं. आईने दोन बोटांत पाय धरला आणि माझ्या कानाशी पुटपुटत राहिली, "वढू नको. वढू नको." एक दोरा सुटला. मग दुसरा. बांधलेल्या पिल्लाचे पाय वेगळे झाले आणि त्याने माझ्या तळव्यावर एक लाथ मारली, तेव्हा मला रडू फुटलं. पण दुसरं अजून होतंच, म्हणून डोळे पुसायला वेळ नव्हता.

त्याचा दोरा मी कापला. सगळे वेढे निघाले. शेवटच्या वेढ्याबरोबर तो काळा पंजाही गळून आला, वाळल्या देठासारखा. रक्तसुद्धा आलं नाही. मी आईकडे पाहिलं. तिने तो पंजा दोऱ्यासकट उचलला आणि पदराच्या टोकात बांधला. 

खोपा वर टांगला आणि आम्ही तिघं खांबामागे उभे राहिलो. आता चिमणी परत येते की नाही, ही नवी भीती. माणसाचा हात लागला की टाकून देतात म्हणतात. आईने पदर तोंडावर धरलेला. चिमणी आली, भोकाशी बसली, उडाली, तारेवर जाऊन बसली. बराच वेळ बसून राहिली. काका हळूच म्हणाले, "आवशे, आवशे." मग ती अळी घेऊन आली आणि आत गेली. आत एकदम कालवा झाला. आई भिंतीला टेकून खाली बसली.

घरी जाताना स्कूटरवर मागून ती एकदाच बोलली. "कापूस असं नही करस."

दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस आला, उरलेले खोपे त्याने तपासले, फांद्यांवरचे गोळे आम्ही वेचून काढले. काही दिवसांत पिल्लं उडाली. एका पायाचंही उडालं म्हणे. मी सुट्टीवर होते, काकांनी सांगितलं. प्राचार्यांनी माझं अभिनंदन केलं. मी मात्र तेव्हापासून चिवचिव ऐकली की आधी वर बघते, कुठे काही लोंबत तर नाही ना. कारण खोप्यांतला दोरा आम्ही काढला, गावातला कोण काढणार? कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला दोरा, गटारीत दोरा, विजेच्या तारेवर दोरा. हे शहर दोऱ्यावर जगतं, आम्हीही त्याच्यावरच जगलो. आणि चिमण्यांना इथे बोलावलं होतं आम्ही.

आईने आठ-पंधरा दिवस माल घेतला नाही. गुडघे दुखतात म्हणाली. मग एका संध्याकाळी मी आले तर ती ओट्यावर बसलेली, समोर साडी नाही, फक्त कचऱ्याचा ढीग, आणि ती तो कचराच कापत होती. मूठभर दोरा घ्यायचा, बोटांवर सरळ करायचा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडायचे. मी म्हटलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, एवढा दोरा पायाला वेढा घालू शकत नाही. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीची पिशवी मागून घेतली. मग वरच्या मजल्यावरच्यांची. बायका आधी हसल्या, मग दोघी-तिघी आपापल्या ओट्यावर तसं कापू लागल्या. थरथरत्या हाताला हे काम चालतं, खाली कापड नसतं.

पावसाळा संपता संपता खोप्यांत पुन्हा हालचाल सुरू झाली. एका सकाळी तासाला जाताना कॉरिडॉरच्या कठड्यावर एक चिमणी उतरली, आणि उतरताना एका बाजूला कलंडली. पंख पसरून तिने तोल सावरला. मी जागीच थांबले. तिला एकच पंजा होता. दुसऱ्या बाजूला नुसता खुंट.

आनंद व्हायला हवा होता. तो होण्याआधीच मला तिच्या चोचीतलं दिसलं. लाल दोरा.

मला ओरडावंसं वाटलं. टाक तो, म्हणावंसं वाटलं. तिचाच पाय नेलेला दोरा ती तिच्या पिल्लांसाठी निवडून आणत होती, आणि मी हातात हजेरीपट घेऊन उभी. पुढे सरकले तर उडेल म्हणून सरकताही येईना. ती त्या एका पायावर वळली, आणि दोरा नीट दिसला. आखूड होता. चोचीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम निघालेला.

संध्याकाळी आईला सांगितलं. एका पायाची आली, म्हटलं, मोठी झालीय, घरटं बांधतेय. आईने कटर खाली ठेवला नाही. चोचीत दोरा होता, असं म्हटलं तेव्हा तिचे हात थांबले.

"केवढा व्हता?"

मी बोट पुढे करून पेरावर अंगठा ठेवला. एवढा. आईने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग ढिगातून पुन्हा मूठभर दोरा उचलला आणि कापू लागली. तिचे तुकडे आता अर्ध्या पेराचे असतात.